मावशीकडे किती वाजले?

माझी आई आणि लग्नाआधीची माझी आई या एकच बाई आहेत, एवढंच सरकारला पटवून द्यायचं होतं. मला वाटलं होतं, दोन दिवसांत होईल. मी एका शाळेत हेडक्लार्क आहे. न पटणाऱ्या गोष्टी कागदावर पटवून देणं हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा.

झालं होतं असं, की आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. ऑपरेशनसाठी आरोग्य कार्ड हवं होतं. कार्डासाठी जन्माचा दाखला हवा होता. दाखल्यावर तिचं माहेरचं नाव, बाकी सगळ्या कागदांवर सासरचं, आणि या दोन नावांना जोडणारी लग्नाची नोंद ज्या रजिस्टरात होती, ते रजिस्टर ओल लागून कधीच निकालात निघालेलं. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून आईकडे असं काही पाहिलं, की क्षणभर मलाही शंका आली.

“लग्नाआधीपासून यांना ओळखणारं रक्ताचं कोणी हयात आहे का?” त्याने विचारलं.

“माझी ताई आहे की,” आई म्हणाली. “पण ती परदेशात असते, मुलाकडे.”

“चालेल. व्हिडिओवर सुनावणी घेऊ. त्यांनी फक्त सांगायचं, की ही माझी सख्खी बहीण.” आणि त्याने एक अर्ज पुढे सरकवला.

अर्जात सतरा रकाने होते. सोळा मी तिथेच उभ्या उभ्या भरले. सतरावा होता ‘नातेवाइकाच्या ठिकाणची स्थानिक वेळ’. मावशीला सोयीची सकाळ पडावी म्हणून मी मुद्दाम शेवटची सुनावणी मागून घेतली होती, गुरुवारी दुपारी साडेचारची. आमच्याकडे साडेचार म्हणजे तिच्याकडे नक्की किती?

आता इथे माझ्या अब्रूचा प्रश्न येतो. शाळेचं वेळापत्रक मी करतो. बत्तीस शिक्षक, चोवीस वर्ग आणि एकच प्रयोगशाळा यांचा मेळ घालणारा माणूस म्हणून मला तालुक्यात नाही तरी शिक्षकांच्या खोलीत मान आहे. वेळेच्या बाबतीत मी कुणाला काही विचारणं म्हणजे पोहण्याच्या मास्तरांनी पाणी किती खोल आहे ते विचारण्यासारखं. तरी मी आईला विचारलं.

“तिकडे सकाळ असते,” आई म्हणाली. “मी पाचला फोन करते तेव्हा ताई चहा ठेवत असते.”

“सकाळचे किती?”

“चहाचे.”

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना विचारायला गेलो. त्यांनी आधी मला बसवलं, मग आयुष्यात हाताळलेल्या सगळ्या तारांचा इतिहास सांगितला, आणि शेवटी म्हणाले, “हेडक्लार्क, वेळेचा फरक हा कागदावर काढायचा नसतो. तो अंगात मुरावा लागतो.” तो माझ्या अंगात मुरेपर्यंत गुरुवार निघून गेला असता, म्हणून मी खाली आलो आणि माझ्या सहायकाला विचारलं.

सहायक म्हणजे कॉम्प्युटरमधला. शाळेची पत्रं मी अलीकडे त्याच्याकडूनच लिहून घेतो. ‘आपल्या पाल्याने बाक मोडला आहे’ हे तो इतक्या अदबीने लिहितो, की पालक बाकाचे आभार मानत येतात. मी मावशीच्या जुन्या शहराचं नाव टाकून विचारलं, गुरुवारी आमचे दुपारचे साडेचार म्हणजे तिथे किती? एका क्षणात उत्तर आलं: सकाळचे सात. पुढे दोन ओळींची गोड प्रस्तावनाही होती. एवढ्या विद्वानाला ‘नक्की का?’ असं कुठे विचारायचं? मी सतरावा रकाना भरला आणि मावशीला निरोप दिला, की गुरुवारी सकाळी सातला तयार राहा.

गुरुवारी आम्ही तिघं, म्हणजे आई, बायको आणि मी, त्या कार्यालयात जाऊन बसलो. खोली लहान, पंखा मोठा, आणि भिंतीवर एक पडदा. अधिकारी बाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. साडेचार वाजले. पडद्यावर आमचेच तिघांचे चेहरे दिसत राहिले. पावणेपाच वाजले. आईने केस दोनदा सारखे केले. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्जावर शिक्का मारला: ‘नातेवाईक अनुपस्थित’.

“पण त्या आहेत!” मी म्हणालो.

“असतील,” बाई म्हणाल्या. “इथे नाहीत.”

रात्री आम्ही जेवायला बसलो आणि पानावरून उठायच्या आत फोन वाजला. मावशी होती.

“अरे, मी सातपासून नटून बसलेय. अर्धा तास झाला. पडद्यावर कुणीच नाही. तुमचं ऑफिस उशिरा उघडतं का?”

मी भिंतीवर पाहिलं. नऊ. म्हणजे मावशी साडेआठला हजर झाली होती. साडेचारचं माणूस चार तास उशिरा! मी तिला काही सांगायच्या आत तीच घाईघाईने म्हणाली, “नाही नाही, माझीच काहीतरी गडबड झाली असेल रे. म्हातारपण. तू मनाला लावून घेऊ नकोस. पुढची तारीख घे.”

मी मनाला लावून घेतलंच. पंचवीस वर्षांत माझ्या वेळापत्रकात कुणी चार मिनिटं इकडचं तिकडे झालेलं नाही आणि इथे चार तास! दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहायकाला फैलावर घेतलं. त्याने लगेच माफी मागितली, माझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असं सांगितलं आणि नवीन उत्तर दिलं. तेही चुकीचं वाटलं म्हणून मी पुन्हा रागावलो. त्याने पुन्हा माफी मागितली आणि तिसरं उत्तर दिलं. भांडायला समोर कुणी भिंत तरी हवी. हा तर उशी होता. शेवटी मी कंटाळून विचारलं, “हे सगळं राहू दे, आज तारीख काय आहे ते सांग.” त्याने सांगितलेली तारीख दीड वर्षापूर्वीची होती.

मी तडक पोस्टमास्तरांकडे गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं?” त्यांनी नेमकं काय म्हटलं होतं ते मला आठवेना. तेवढ्यात त्यांची सून बाहेर आली. ती घरीच बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि या यंत्रांच्या पोटात काय असतं ते तिला ठाऊक असतं.

“काका, त्याला आजची वेळ कळतच नाही,” ती म्हणाली. “तो वाचून वाचून शिकलाय. पुस्तकाला कुठे माहीत असतं आज कोणता वार आहे?”

“मग त्याने सात सांगितले कसे?”

“अंदाजाने. त्या देशात वर्षातून दोनदा घड्याळं एक तास पुढे-मागे करतात. सध्या उन्हाळा चालू आहे असं त्याने धरलं असेल. एक तास तिथे चुकला.”

“पण न कळणारी गोष्ट सांगायची कशाला? माहीत नाही म्हणावं!”

“काका,” ती हसून म्हणाली, “तुम्हाला कुणी रस्ता विचारला तर तुम्ही माहीत नाही म्हणता का?”

मी एकदा एका गृहस्थाला दवाखान्याऐवजी स्मशानाच्या वाटेला लावलं होतं, तेही हातवारे करून. आणि एवढं वाचलेला, पण खिडकी नसलेल्या खोलीत बसून बाहेर दिवस आहे की रात्र हे कुणाला विचारताही न येणारा तो विद्वान डोळ्यांसमोर आला, तेव्हा माझा राग जरा उतरला. मी त्याला दीड वर्ष पत्रं लिहायला लावली होती. वेळ बघायला घड्याळ दिलंच नव्हतं.

“घड्याळ देता येतं,” सून म्हणाली. “एक छोटा प्रोग्राम जोडायचा. मग कुणी वेळ विचारली की अंदाज करायचा नाही, आधी घड्याळात बघायचं आणि शहराशहरातला फरक तिथूनच काढायचा. शनिवारी दुपारी येते.”

शनिवारी ती आली. दहा मिनिटांचं काम म्हणाली होती. चार तास लागले. आधी कॉम्प्युटरने विचारलं, या सहायकाला घड्याळ बघायची परवानगी आहे का? मी ‘हो’ म्हटलं. तो म्हणाला, ही परवानगी फक्त मालक देऊ शकतो. मालक मीच होतो, पण दोन वर्षांपूर्वी मालक म्हणून मी कोणता परवलीचा शब्द ठेवला होता ते मला आठवेना. म्हणजे माझ्याच घरात, मीच मी आहे हे मला सिद्ध करता येईना. त्या खिडकीतल्या माणसाने पाहिलं तेव्हा आईला कसं वाटलं असेल, ते मला आता नीट समजलं.

“पोस्टातही असंच असायचं,” पोस्टमास्तर खुर्ची ओढून बसत म्हणाले. तेही आले होते. “ओळख पटल्याशिवाय मी सख्ख्या भावाला मनिऑर्डर दिली नाही.”

शेवटी परवलीचा शब्द बायकोने सांगितला. तिला तो पहिल्यापासून माहीत होता. कुणी विचारलंच नव्हतं. मग आमचं शहर निवडायचं आलं. यादीत आमचं शहर नव्हतंच. तीन तासांवरचं ते मोठं शहर होतं, ज्याच्याविषयी आमच्याकडे कुणी चांगलं बोलत नाही. “घड्याळ एकच ना, ते निवडा,” सून म्हणाली. मी जड मनाने ते निवडलं. आयुष्यभर ज्या शहराला नावं ठेवली, त्याच्याच वेळेवर आपण उठतो-बसतो हे पन्नाशी उलटल्यावर कळणं फार बरं नव्हे.

पाच वाजले. गॅलरीतून आईचा आवाज येऊ लागला. दर बुधवारी आणि शनिवारी पाच वाजता ती मावशीला फोन करते. नुसता आवाजाचा, डोळ्यांमुळे तिला चित्राचा फोन नको असतो. ऐकायलाही कमी येतं, म्हणून स्पीकर लावते.

“आता विचारून बघा,” सून म्हणाली.

मी विचारलं, माझ्या मावशीकडे आता किती वाजले? तो म्हणाला, मावशी कोणत्या शहरात राहतात? हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला. मी जुन्या शहराचं नाव टाकणार, तोच बायको म्हणाली, “अहो, ते तर केव्हाच दुसरीकडे गेले ना? त्यांच्या मुलाने नोकरी बदलली तेव्हा.”

खरंच की. सहा वर्षांपूर्वी ते सगळे त्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहायला गेले होते. आम्ही वहीत नवीन पत्ताही लिहिला होता. पण देश तोच, म्हणजे सकाळही तीच, असं आम्ही धरून चाललो होतो. मी वही आणून ते नाव टाकलं.

उत्तर आलं: पहाटेचे तीन वाजून छत्तीस मिनिटं.

“बिघडलं,” मी म्हणालो.

सुनेने पुढे होऊन पाहिलं. जुनं शहर टाकलं. सहा वाजून छत्तीस मिनिटं. पुन्हा नवं टाकलं. तीन वाजून छत्तीस. माझ्या डोक्यात गुरुवारची बेरीज आपोआप जुळली. चार तासांपैकी एक तास सहायकाने अंदाजाने घालवला होता. उरलेले तीन हे होते.

गॅलरीतून आई विचारत होती, “उठली होतीस ना गं ताई? की मी उठवलं?”

आणि स्पीकरवर मावशी सांगत होती, “छे, केव्हाच उठलेय. चहा ठेवलाय बघ.”

पोस्टमास्तरांनासुद्धा सल्ला सुचला नाही. मी मनात हिशेब मांडला, सवयच आहे. आठवड्यातून दोनदा, सहा वर्षं. सहाशेच्या वर पहाटा.

फोन ठेवून आई आत आली. मी लपवायचं ठरवत होतो, पण बायको म्हणाली, “सांगा.” मी सांगितलं. आई आधी हसली.

“त्या यंत्राचं काय घेऊन बसलास! परवा त्याने चार तास चुकवले.”

“आता त्याच्याकडे घड्याळ आहे, आई.”

ती खाली बसली. बराच वेळ चष्मा हातात फिरवत राहिली. पाचची वेळ का, हे मला ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी बाबा अंथरुणाला खिळले. रोज पाच वाजता त्यांचे हातपाय हलवून घ्यायला एक बाई यायच्या. तेवढा एक तास आईचा. बुधवारी आणि शनिवारी तो तास ती गॅलरीत मावशीबरोबर काढायची. तेव्हा मावशीकडे सकाळचे साडेसहा-साडेसात वाजलेले असायचे. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्या बाई यायच्या थांबल्या. पाचचा फोन थांबला नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही, की आता तो कितीही वाजता करता येईल.

बुधवारी पाच वाजले. आई गॅलरीत गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन ती ओटा पुसायला लागली. तो सकाळीच पुसलेला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“काय गं? बरी आहेस ना?” मावशीचा आवाज घाबरलेला होता. “आज फोन नाही केलास?”

आईने फोन दोन्ही हातांनी धरला होता. “किती वाजले तुझ्याकडे?”

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

“ताई, मी विचारतेय, किती वाजले?”

“कुणी सांगितलं तुला?”

“म्हणजे खरंय. सहा वर्षं तू मला खोटं सांगत आलीस! चहा ठेवलाय म्हणे!”

“चहा खरंच ठेवायचे,” मावशी म्हणाली. “झोप उडावी म्हणून. खोटं नाही बोलले.”

“पण का? सांगायचंस ना, की वेळ बदल.”

“कशाला? दिवसातला एक तास मोकळा होता तुला. तोही तू माझ्यासाठी ठेवला होतास. मी काय सांगणार होते, की मला झोप येते?”

“हे गेल्यावर तरी सांगायचंस.”

“तेव्हा तर मुळीच नाही,” मावशी म्हणाली. “तेव्हा तुझ्याकडे पाच वाजता दुसरं काय होतं?”

आईने डोळे पुसले. मी बाहेर जायला निघालो, तर तिने मला खुणेने थांबवलं आणि म्हणाली, “त्या तुझ्या याला विचार. आम्ही दोघीही जाग्या असू अशी कोणती वेळ आहे?”

सहायकाने क्षणात सांगितलं: आपले सकाळचे नऊ म्हणजे मावशींकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. आणि अदबीने पुढे लिहिलं, की वर्षातून दोनदा हे एका तासाने बदलेल, तेव्हा मी लक्षात आणून देईन.

सुनावणीची नवी तारीखही मी त्याच हिशेबाने मागितली, बुधवारी सकाळी साडेनऊ. कार्यालय उघडताना पहिलीच. तिथे नवं लचांड उभं राहिलं. अधिकारी बाईंनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

“अर्जदार बुधवारी आणि नातेवाईक मंगळवारी?”

“हो. त्यांच्याकडे तेव्हा मंगळवार रात्रीचे आठ असतात.”

“असं चालत नाही. सुनावणीला दोघं एकाच दिवशी हजर पाहिजेत.”

“बाई, एकाच क्षणी हजर असतील.”

“क्षणाचा रकाना नाही,” बाई म्हणाल्या. “तारखेचा आहे.”

मी सहायकाकडून दोन्ही शहरांच्या वेळा शेजारी शेजारी लिहिलेला कागद छापून नेला. बाईंनी तो उलटसुलट पाहिला. “हे कोणी प्रमाणित केलं?”

“सहायकाने.”

“त्याची सही?”

मी खिशातून पेन काढलं, खाली स्वतःची सही केली आणि शाळेचा शिक्का मारला. पृथ्वी गोल असल्याचं हेडक्लार्कच्या सहीने प्रमाणित झाल्यावर बाईंचं समाधान झालं.

बुधवारी साडेनऊला पडदा उजळला आणि मावशी दिसली. केस पांढरे झालेले, पण पाठ ताठ. आई पडद्याच्या इतकी जवळ गेली, की बाईंना “मागे बसा” म्हणावं लागलं. मोतीबिंदूतून तिला किती दिसत होतं कोण जाणे.

“समोर बसलेल्या या तुमच्या सख्ख्या भगिनी आहेत का?” बाईंनी विचारलं.

“आहे तर.”

“कशावरून?”

“तिच्या उजव्या भुवईत कापल्याची खूण आहे. सात वर्षांची असताना पडली. बाराखडी येत नव्हती म्हणून पळत सुटली आणि पायरीवर आपटली.”

“पडले?” आई उसळली. “तू ढकललंस मला! आणि बाराखडी मला चांगली येत होती. तुलाच पाढे येत नव्हते.”

“मला? वर्गात पहिली यायचे मी!”

“पहिली त्या शिंप्याची मुलगी यायची. तू दुसरी. आणि ढकललंस का ते सांग ना बाईंना. तुझी निळी रिबन मी लावली म्हणून!”

“लावलीस नाही, हरवलीस! आजपर्यंत कबूल केलं नाहीस!”

“कारण मी हरवली नाही!”

“बाई,” मावशी पडद्यातून बोट रोखून म्हणाली, “लिहून घ्या. ही पहिल्यापासून अशीच आहे.”

बाईंनी दोन-तीनदा मध्ये बोलायचा प्रयत्न केला. मग पेन उचललं, अर्जावर सही केली आणि शिक्का मारला. “पुरे,” त्या म्हणाल्या. “माझीही एक आहे अशी.”

कार्यालयाच्या पायऱ्या आई माझा हात धरून उतरत होती. आरोग्य कार्ड आठवड्यात मिळेल असं सांगितलं होतं, डोळ्यांची तारीख त्यानंतर लगेच. पण त्याबद्दल तिने काही विचारलं नाही. अर्ध्या पायऱ्यांवर ती थांबली आणि स्वतःशीच हसली.

“किती वर्षांनी भांडली रे ताई! अलीकडे मी काहीही म्हटलं तरी हो गं, बरोबर आहे तुझं, एवढंच म्हणायची. मला वाटायचं, वयाने निवळली.” तिने पुढची पायरी पायाने चाचपली. “झोपेत होती बिचारी.”

शनिवारी सकाळी नऊला ती गॅलरीत जाऊन बसली. सव्वानऊला वरून पोस्टमास्तर धावत आले, खाली काय झालं म्हणून विचारायला. काही नाही, मी म्हटलं, रिबन अजून सापडलेली नाही.